ओट्याखालची हवा

आमच्या वाचनालयामागे, तळ्याच्या अंगाला एक लाकडी ओटा आहे. जमिनीपासून कमरेएवढा उंच, खाली खांब, वर बेचाळीस फळ्या. तो रंधाबाईंनी बांधला. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांच्या वहिनीला ठाऊक असेल, पण ती त्यांना ‘वन्सं’च म्हणते.

रंधाबाईंचे वडील सुतार. त्यांनी हत्यारांची पेटी मुलाला दिली आणि मुलीला सांगितलं, “तू बघून शिकलीस तेवढं पुरे.” मुलगा दुसऱ्याच कामाला लागला, लाकूड तासायच्या रंध्याच्या पात्याला गंज चढला. एका सकाळी रंधाबाईंनी पेटी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

“विचारलंस का कुणाला?” वडील म्हणाले.

“नाही.”

पुढची चाळीस वर्षं त्या पेटीवर गेली.

आमच्याकडे हवा इतकी दमट की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. त्यामुळे ओट्याची निगा रंधाबाई स्वतः राखत. वर्षातून दोनदा शेवाळ घासायचं, फटींत अडकलेली पानं काढायची, लाकूड चांगलं वाळू द्यायचं आणि मग बुरशी न धरणारं तेल चोळायचं. तेल कधी द्यायचं हे त्या पाण्याच्या थेंबावरून ठरवत. थेंब फळीवर मोत्यासारखा उभा राहिला तर थांबायचं, जिरला तर डबा उघडायचा.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाला नवे अध्यक्ष आले. ओट्याखालचा अंधार त्यांच्या डोळ्यांना खुपला. त्यांनी चारही बाजूंनी पत्रे ठोकून घेतले आणि वरून चकचकीत व्हार्निश मारलं.

“साहेब, लाकडाला कोंडू नका,” रंधाबाई म्हणाल्या. “खालून वारा फिरला नाही तर ते कुजेल.”

“बाई, तुम्ही बांधलंत, आता आम्ही सांभाळतो.”

त्या दिवसापासून त्यांचं येणं बंद झालं.

आणि गेल्या वर्षी एका दुपारी मास्तर, म्हणजे आमचे सर्वांत जुने वाचक, वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर निघाले आणि त्यांचा पाय फळीतून आरपार गेला. घोट्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: ओटा पाडून तिथे फरशी होणार. शिवाय अध्यक्ष वाचनकक्षात सगळ्यांदेखत बोलून गेले, “सुतारकामच कच्चं होतं.”

हे रंधाबाईंच्या कानावर गेलं. त्या ताटावरून उठल्या. वहिनी म्हणाली, “वन्सं, जाऊ द्या ना. वय झालं आता.”

“माझं झालंय. लाकडाचं नाही.”

सोमवारी वाचनालय उघडायच्या वेळी त्या पहार घेऊन हजर. मी तिथेच होतो. कुणाला काही न विचारता त्यांनी पहिला पत्रा उचकटला. आतून कोंदट वासाचा असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरलो. चौथा पत्रा निघेपर्यंत अध्यक्ष धावत आले.

“कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?”

“माझ्या. माझं काम कच्चं म्हणालात ना? मग वाका. हात घाला आत.”

सगळे बघत होते. अध्यक्ष वाकले. हात बाहेर काढला तो ओला, काळ्या चिखलानं बरबटलेला.

मग रंधाबाई स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेका फळीवरून फिरल्या. जिथे टोक साबणात घुसावं तसं घुसलं, तिथे खडूनं फुली मारली. बेचाळीसपैकी नऊ फुल्या. खांब सगळे टणटणीत.

“नऊ फळ्यांसाठी ओटा पाडताय?”

“पण पुन्हा कुणी पडलं तर?”

मागून कुबड्यांचा आवाज आला. “पाय माझा गेलाय,” मास्तर म्हणाले, “तेव्हा मलाही विचारा. मला इथे फरशी नको. बाईंना काम करू द्या.”

अध्यक्षांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. देतानाही तोंड वाकडंच होतं.

रंधाबाईंनी व्हार्निश खरवडलं. बोटं सुजली. नऊ फळ्या बदलल्या, दोन फळ्यांमध्ये पाणी निथळेल एवढी फट ठेवली, कापलेल्या टोकांना दुप्पट तेल पाजलं, कारण ओल तिथूनच शिरते. पाच दिवस लागोपाठ पाऊस झाला. अध्यक्ष दररोज येऊन घड्याळ दाखवायचे. “ओल्या लाकडावर तेल लावणार नाही,” एवढंच त्या म्हणायच्या, आणि खाली बसून हत्यारांना धार लावायच्या. सहाव्या दिवशी ऊन पडलं. वहिनी कमरेला पदर खोचून आली आणि मुकाट्यानं दुसरा ब्रश उचलला.

मुदतीच्या दिवशी ओटा तयार होता. अध्यक्षांनी पाहुणे बोलावले आणि ओटाभर जाडजूड हिरवा गालिचा अंथरला. रंधाबाई आल्या, त्यांनी वाकून गालिच्याचं एक टोक धरलं आणि पाहुण्यांसमोर तो गुंडाळत निघाल्या.

“अहो बाई! पाहुणे उभे कशावर राहणार?”

“लाकडावर,” त्या म्हणाल्या. “ह्याच्याखाली ओल धरते. जरा पाय उचला, साहेब.”

अध्यक्षांनी पाय उचलला.