बंद पडणाऱ्या गाडीचं भाडं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, यवतमाळला आमच्या घराच्या ओट्यावर, माझी गाडी दिवसाला बाराशे रुपयांप्रमाणे भाड्यानं द्यायचं ठरलं. डिझेल घेणाऱ्याचं. हजर चौघे होतो: मी, माझी पत्नी, माझे वडील आणि सरकारी दौऱ्यांना गाड्या पुरवणारा एक ठेकेदार. गाडी समोर उभी होती. ठेकेदारानं ती तीनदा सुरू करून पाहिली आणि तिन्ही वेळा ती सुरू झाली. परक्या माणसासमोर ती नेहमीच अशी वागत असे.

गाडी म्हणजे आठ माणसांची, डिझेलवरची, जुनी एसयूव्ही. मी एका जिनिंग फॅक्टरीत हिशेब लिहितो. एका बऱ्या वर्षी बोनस मिळाला तेव्हा ती घेतली होती. तिला एकच खोड होती. कुठंही, कधीही, चालता चालता ती गप्प होई. आवाज नाही, धूर नाही. सुमारे अर्ध्या तासानं किल्ली फिरवली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होई. गॅरेजमध्ये मात्र ती कधी बंद पडली नाही. पहिल्या मिस्त्रीनं बॅटरी बदलली, दोन हजार सहाशे. दुसऱ्यानं डिझेल फिल्टर, तीनशे ऐंशी. तिसऱ्यानं स्टार्टर खोलून पुन्हा बसवला, नऊशे. चौथ्यानं गावाला दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "भाऊ, गाडी एक नंबर हाय. तुम्हीच टेन्शन घेऊन राह्यले." त्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणून चौघांत मला तोच बरा वाटला.

पत्नीचं म्हणणं सरळ होतं. ढाणकीचा एक व्यापारी एक लाख पस्तीस हजार द्यायला तयार होता. दिवाळीपर्यंत गाडीनं स्वतःचा खर्च स्वतः काढावा, नाहीतर द्यावी त्याला. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण वडिलांचे गुडघे गेले होते आणि एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. दर चतुर्थीला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायचं, एवढंच त्यांचं घराबाहेरचं जग उरलं होतं आणि ते या गाडीवर चालत होतं.

"विकून टाका," वडील म्हणायचे. "अन् मले खुंटीले टांगून ठेवा."

"मामाजी, मी तुम्हाला नाही, गाडीला कंटाळले," पत्नी म्हणायची.

"एकच हाय ते. आम्ही दोघंही मधून मधून बंद पडतो."

गाडी सुरू करण्याचं श्रेयही वडिलांकडे होतं. ती थांबली की ते बॉनेट उघडायला लावत आणि रस्त्याच्या कडेला बसून अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं करत. अकरावं संपलं की गाडी सुरू होई. त्यांच्या संथ चालीनं अकरा आवर्तनांना अर्धा तास लागतो आणि गाडीला निवायलाही तेवढाच वेळ लागतो, हे मी एकदा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग तू अर्धा तास नुसता बसून पाह्य." मी पाहिलं नाही. उगाच कशाला?

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्यात पथकांवर पथकं येत. दिल्लीची, मुंबईची, अभ्यासाची, पाहणीची, आधीच्या पाहणीची पाहणी करायला आलेली. कापसाला गिऱ्हाईक नव्हतं, पण आठ सीटच्या गाडीला होतं. मी ठेकेदाराला स्पष्ट सांगितलं, "ही गाडी मधेच बंद पडते."

"भाऊ, खरेदी केंद्रं बंद हायेत, सूतगिरणी बंद हाय. एका गाडीचं काय घेऊन बसले?"

"शिवाय खासगी नंबरची आहे. भाड्यानं चालवता येत नाही."

"सरकारलेच तर द्यायची हाय. पकडन कोण?"

मी स्वतः चालवणार होतो. खरेदी सुरू झाली नव्हती, त्यामुळे जिनिंगही थंड होतं. वडीलही सोबत येतील, असं मी म्हणालो. ठेकेदारानं कारण विचारलं, पत्नीनं अथर्वशीर्षाचं सांगितलं. तो गंभीर झाला. "म्हणजे काकाजी स्पेअर पार्ट हाय तर! येऊ द्या. पण एक सीट जाते, शंभर कमी." अशा रीतीनं भाडं अकराशे झालं.

पहिला दौरा दसरा झाल्यावर निघाला. दिल्लीचे एक मोठे साहेब, टिपणं घेणारे दोन तरुण आणि आपल्या जिल्ह्यातला एक अधिकारी, ज्याच्या हातात दिवसाचा कार्यक्रम होता. दारव्ह्याच्या पुढच्या एका गावात मांडव घातलेला, हारफुलं आणलेली. कुठल्या शेतकऱ्यानं काय सांगायचं तेही ठरलेलं. वाटेत अधिकारी दोनदा फोनवर म्हणाला, "येऊन राह्यलो, येऊन राह्यलो. कोणाले हलू देऊ नका."

गाव काही किलोमीटरवर असताना एका बंजारा तांड्यासमोर गाडी गप्प झाली.

वडील उतरले, कडुलिंबाखाली बसले आणि सुरू झाले. साहेबांनी विचारलं, "ये बुजुर्ग क्या कर रहे हैं?"

अधिकाऱ्याला घाम फुटला. तो म्हणाला, "सर, इंजन ठंडा कर रहे हैं."

साहेब भले माणूस होते. ते पायी तांड्यात शिरले. वेचणीचे दिवस, घरोघरी कुलपं. एका घराच्या दाराशी साठीची एक बाई कापूस निवडत होती. तिनं आम्हाला पाहिलं, आत जाऊन पातेलं चुलीवर ठेवलं आणि परत येऊन निवडायला बसली. साहेबांनी तिच्यासमोर उकिडवं बसत विचारलं, "माताजी, आपकी क्या समस्या है?"

अधिकाऱ्यानं मराठीत सांगितलं.

"समस्या तं तुमची हाय," बाई म्हणाली. "गाडी तुमची बंद पडली."

दोघं तरुण हसले. साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग त्यांनी खरेदी केंद्राचं विचारलं. बाई म्हणाली, "तेही तुमच्या गाडीवानीच. आम्ही कापूस घेऊन गेलो का बंद. आम्ही परत आलो का चालू झालं म्हणतात. जवळ उभं राहून चालू पाह्यलेला माणूस मले अजून भेटला नाही."

त्या दिवशी चौदा कप चहा झाला. तांड्यात उरलेली म्हातारी माणसंही जमली होती. वडिलांची आवर्तनं संपली, त्यांनीही कप घेतला आणि गाडी सुरू झाली. ठरलेल्या गावी आम्ही इतक्या उशिरा पोचलो, की हार माना टाकून होते आणि पढवलेला शेतकरी जेवायला घरी गेला होता. साहेब तिथं जेमतेम टेकले. परतताना म्हणाले, "आज पहली बार किसी ने मुझसे बात की."

आता पैसे कापले जाणार, अशी मी मनाची तयारी केली. चार दिवसांनी ठेकेदार आला, तो पेढे घेऊन.

"भाऊ, दुसरं पथक येऊन राह्यलं. तेच गाडी पाह्यजे म्हणते. गाडी दुरुस्त तं नाही ना केली?"

"नाही. आता करणार होतो."

"हात लावू नका! साहेबानं वर कळवलं. असं अचानक थांबलं का लोक खरं बोलतात म्हणते."

पत्नी आतून बाहेर आली. "म्हणजे ही बंद पडते म्हणून तिला मागणी आहे?"

"वहिनी, चालणाऱ्या गाड्या तं माह्याजवळ सोळा हायेत."

मला हे पटण्यासारखं नव्हतं, पण दिवाळी जवळ आली होती आणि ढाणकीच्या व्यापाऱ्याचा फोनही येऊन गेला होता. दुसऱ्या दौऱ्याच्या छापील कार्यक्रमात, सकाळी साडेअकरा वाजता, त्या तांड्यासमोर लिहिलं होतं: आकस्मिक भेट.

त्या दिवशी गाडी बंद पडली नाही. तांडा जवळ आला तशी अधिकाऱ्यानं मागून माझ्या खांद्याला बोट लावलं. मी लक्ष दिलं नाही. तांडा मागं पडला. पथकातले एक जण म्हणाले, "वो जगह तो निकल गई शायद?" अधिकारी माझ्या कानाशी आला. "भाऊ, पाया पडतो, बंद पाडा."

"ती माझ्या सांगण्यावरून बंद पडत नाही."

"मंग किल्ली काढा ना, बाप्पा!"

शेवटी गाडी वळवली आणि तांड्यासमोर आणून किल्ली काढली. वडिलांना डुलकी लागली होती, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते कडुलिंबाखाली बसले आणि अकरा आवर्तनं पूर्ण करून उठले. मी किल्ली लावली, गाडी सुरू झाली. "पाह्यलं?" ते पथकाकडे बघत म्हणाले. त्या दिवशी अकरा कप चहा झाला.

तिसऱ्या दौऱ्याला तांड्यासमोर रांगोळी होती. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बाईच्या अंगावर नवं लुगडं. गाडी थांबते तिथं कुणीतरी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेच्या अलीकडे दहा पावलांवर गाडी खरोखरच बंद पडली.

"थोडं पुढं घ्या," अधिकारी म्हणाला.

"बंद पडली."

"मालूम हाय मले. पण रेघेपर्यंत तं घ्या."

आम्ही ती ढकलून रेघेवर आणली. साहेब, यावेळी नवे, खुर्चीत बसले. अधिकाऱ्यानं बाईला खूण केली. "आजी, ते केंद्राचं सांगा. गाडीवानी चालते ते."

"मागच्या दोन साहेबाइले सांगतलं," बाई म्हणाली. "उघडलं काय मंग?"

तिनं चहा दिला. या खेपेला सतरा कप. वडिलांची अकरा आवर्तनं झाली. मी किल्ली फिरवली. काही नाही. त्यांनी पुन्हा अकरा केली. काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलले. अधिकाऱ्यानं त्याचं मराठी केलं: "साहेब म्हणतात नाटक पुरे झालं, आता चालू करा."

मी बॉनेट उघडून दाखवलं, शपथ घ्यायचीच काय ती बाकी ठेवली. माझ्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. इतकी वर्षं मी मिस्त्र्यांना ही गाडी बंद पडते असं सांगत होतो आणि त्यांच्यासमोर ती पडत नव्हती. आता डोळ्यांसमोर पडली होती, तर तेही कुणाला खरं वाटेना. अधिकाऱ्यानं दुसरी गाडी बोलावली. पथक गेलं. मागे राहिलो मी, वडील, रांगोळी आणि खुर्च्या न्यायला आलेला ट्रॅक्टर.

वडील झाडाखालून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "विकून टाक आता. माह्यानंही होत नाही."

मी बावीस आवर्तनं ऐकली होती आणि त्यांचा आवाज बसलेला होता. ढाणकीला फोन करावा म्हणून मी मोबाइल काढलाही. पण आधी दारव्ह्याच्या एका मिस्त्रीला बोलावलं, कारण बंद गाडी विकायची तरी तिथून हलवावी लागणार होती. तो मोटरसायकलवर आला. गाडी अजून बंदच होती. इतक्या वर्षांत मिस्त्री हजर असताना ती पहिल्यांदाच बंद होती. डिझेल पंपाकडे जाणारी एक वायर इंजिनाला टेकून आतून जळत आली होती. वरचं आवरण शाबूत होतं म्हणून ती कुणाला दिसली नव्हती. गरम झाली की जोड सुटे, निवली की जुळे. त्या दिवशी ती पुरती तुटली होती. वायर आणि टेप साठ रुपये, मजुरी दोनशे, त्याचं पेट्रोल शंभर. बॅटरी, फिल्टर आणि स्टार्टर यांचे तीन हजार आठशे ऐंशी रुपये मी त्यानंतर पुन्हा कधी बेरजेला घेतले नाहीत.

गाडी नीट चालू लागताच ठेकेदाराला ती नकोशी झाली. "आता तिच्यात काही राह्यलं नाही," तो म्हणाला. पत्नीनं मात्र ढाणकीला नकार कळवून टाकला. पुढच्या चतुर्थीला आम्ही कळंबला न थांबता गेलो. वडील सबंध रस्ता कान देऊन बसले होते. पोचल्यावर म्हणाले, "इतक्या लवकर?" आणि राहिलेली आवर्तनं देवळात बसून केली.

भाड्याचं बिल होळीला निघालं. तीन दिवसांचे तेहतीसशे व्हायला हवे होते. तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली, म्हणून ठेकेदारानं त्या दिवसाचे निम्मे कापले. पहिल्या दिवशी बंद पडली तेव्हा पेढे आणले होते, याची मी त्याला आठवण दिली. "ते बंद पडणं येगळं," तो म्हणाला. दोन हजार सातशे पन्नास मिळाले. त्यातून मिस्त्रीचे तीनशे साठ गेले. चहाचं बिल मी ठेकेदाराला विचारलं, तर त्यानं पथकाच्या अहवालाची नक्कल दाखवली. तिच्यात लिहिलं होतं, चहापान ग्रामस्थांतर्फे.

त्याच आठवड्यात मी आणि वडील तांड्यावर गेलो. खरेदी केंद्र तोवर उघडून पुन्हा बंद झालं होतं. बाई दारातच होती. तिन्ही खेपांचे मिळून बेचाळीस कप, तीन रुपयांप्रमाणे एकशे सव्वीस, असा हिशेब मी सांगितला. तिनं नोटा मोजल्या आणि नऊ रुपये परत केले.

"बावाजीचे तीन कप नाही धरत मी," वडिलांकडे पाहत ती म्हणाली. "ते पाव्हणे होते. बाकीचे तं कामावर आलते."

तेव्हा शेवटी दिले ते असे: एकशे सतरा रुपये, रोख, त्या बाईला. तिन्ही पाहण्या मिळून त्या तांड्याला मिळालेली रक्कम माझ्या माहितीप्रमाणे एवढीच. उरलेले दोन हजार दोनशे त्र्याहत्तर पत्नीच्या हातात दिले.