तुर्भ्याची लंडन ड्राय

काल माझी मोठी बहीण गेली. सुमाताई. तिने आयुष्यभर दारू बनवली.

आमच्या नातेवाइकांत हे मोठ्याने कुणी बोलत नाही. म्हणून इथे लिहितेय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीत तेव्हा मोजक्या बिल्डिंगी आणि खाडीचा वारा.

ताई केमिस्ट्रीत एम.एस्सी. तुर्भ्याच्या एका डिस्टिलरीत लॅबला होती. आम्ही दोघी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी कॉलेजात, घर तिच्या पगारावर.

कंपनीने जिन काढायची ठरवली. लेबलं छापूनही आली, ‘लंडन ड्राय’.

आत काय, तर स्पिरिट, पाणी, तयार इसेन्स आणि वर साखर.

ताईने माल पास केला नाही.

मालक म्हणाले, “मॅडम, लंडनहून कोण बघायला येणार आहे?”

“लंडनचा प्रश्नच नाही सर. ती बनवायची पद्धत आहे. पूर्वी तिकडे स्पिरिट इतकं वाईट असायचं, की चव लपवायला साखर घालायचे. मग भट्ट्या सुधारल्या, स्पिरिट स्वच्छ निघायला लागलं, साखर सुटली. म्हणून ड्राय. सगळा स्वाद भट्टीतच उतरला पाहिजे. नंतर फक्त पाणी. मी करून दाखवते.”

“आणि तुम्हाला नाही जमलं तर?”

“तर राजीनामा देते.”

हे तिने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी घरभाड्याचा हिशेब करायला बसले.

ती शांतपणे कुकर लावत होती.

फॅक्टरीत एक छोटी तांब्याची भट्टी धूळ खात पडलेली. ती तिने घासूनपुसून घेतली.

जिनचा जीव म्हणजे जुनिपरची फळं. बाहेरून मागवणं शक्य नव्हतं. ताईने शोधून काढलं, की आपले वैद्य जिला हपुषा म्हणतात ती हीच. हिमालयात होते.

मुंबईतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून पोतं आलं. मग धणे, ज्येष्ठमध, संत्र्याच्या साली.

साली आमच्या गच्चीवर वाळायच्या. शेजारच्या काकू विचारायच्या, “उटणं करताय का गं?”

“हो काकू,” मी म्हणायचे.

पहिली बॅच फिनेलसारखी लागली. ओतून दिली.

दुसरी कडू झाली. तीही गेली.

मग तिने हपुषा कमी केली, भट्टीतून पडणारी पहिली आणि शेवटची धार बाजूला काढली आणि फक्त मधली धरली.

त्या संध्याकाळी पर्समधून छोटी बाटली काढून तिने माझ्यासमोर ठेवली. “वास घे.”

आधी ओलं लाकूड, मग धणे, आणि मागून हळूच संत्रं.

दोघींनी एकेक घोट घेतला.

“जमलं,” ती म्हणाली. आणि भाजी चिरायला बसली.

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचा बार मॅनेजर आला. त्याने पाणी-सोडा न घालता, नुसतीच घेतली. पुन्हा घेतली.

“कोणी बनवली?”

मालकांनी ताईकडे बोट केलं.

तो खुर्चीतून उठला. “मॅडम, ही आम्ही इम्पोर्टेडच्या शेजारी ठेवणार.”

त्यानंतर इसेन्सचे कॅन फॅक्टरीत परत आले नाहीत. ऐंशीच्या दशकात ताईची जिन क्लबात गेली, हॉटेलांत गेली, ढाब्यांवर गेली. लिंबू पिळून बायकाही घ्यायला लागल्या.

आणि गावांत पोचली.

आमच्या मासळीवाल्या पार्वतीबाई जासई गावच्या. त्यांनी लेकीच्या हळदीला हट्टाने बोलावलं. मांडवात ढोल, बायकांची गाणी, आणि टेबलावर ओळीने ताईच्याच बाटल्या.

पार्वतीबाईंची सासू ग्लास घेऊन जवळ आली. “ही तू केलीस? पोटान जलत नाय गो.”

ताई पहिल्यांदाच लाजलेली बघितली मी.

“लंडनला शिकलीस काय?”

“नाही आजी. तुर्भ्याला.”

अख्खा मांडव हसला. म्हातारीने तिला हात धरून मधोमध नेलं. आणि माझी गंभीर, चष्मेवाली बहीण पदर खोचून नाचली. ढोल थांबेपर्यंत नाचली.

ताई, निवांत जा.

धाकटीचा तुला ताठ मानेने नमस्कार.