सायकल डिचोलीला, गोकुळदास कारापुरात

गोवा घटक राज्य झालं, त्याच साली गोकुळदासची दांडी गेली. पंचवीस वर्षं जत्रेला देवाच्या पालखीची पुढची दांडी त्याच्या खांद्यावर असे. त्या वर्षी चढणीवर पाय जरासा अडखळला आणि चुलतभाऊ शिवदास सगळ्या मानकऱ्यांदेखत म्हणाला, "दादा, तुजे पाय आता लटलटतत. फुडल्या वर्सा तू दिवटी धर, दांडी मी घेतंय."

दिवटी! पालखीपुढे मशाल घेऊन चालायचं काम! अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस एवढा पेटू शकतो, हे गोकुळदासलाही नवीन होतं. त्या दिवशी तो जेवला नाही. बायको सुमंगलानं विचारलं, "बरा नाय काय?"

"माका काय एक झाला नाय. आता होतला ता शिवदासाक."

पाय घट्ट करायला तो रोज मैलोन्‌मैल चालू लागला. नुसतं चालून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सायकलही चालवा. मग गोकुळदासनं आपलंच एक शास्त्र काढलं. सकाळी सायकलनं डिचोली गाठायची, ती बाबली सायकलवाल्याच्या दुकानात ठेवायची आणि कारापुरला घरी चालत यायचं. दुसऱ्या दिवशी चालत जायचं आणि सायकल घेऊन परतायचं. खनिजाच्या ट्रकांनी उडवलेल्या धुळीनं त्याच्या पांढऱ्या मिशा लाल झाल्या. बाबली वैतागला. "बाब, एकदा काय ता ठरवा. सायकल तुमची की माजी?"

"तू हवा भर."

चढ आला की तो शिवदासचं तोंड डोळ्यांसमोर आणी आणि पाय रेटी. उतारावर मात्र गार वारा लागून राग निवायला लागे. मग पठ्ठ्या मुद्दाम ब्रेक दाबून राग पुन्हा आठवून घेई.

तिकडे शिवदास घरापुढच्या बाल्कांवात, ओट्यावर बसून भाजीपाव खात ओरडे, "दादा, सायकल खंय सांडलस रे?"

गोकुळदास हसून पुढे जाई. त्याचं ते हसणं पाहून सुमंगलाला भीती वाटे.

जत्रा आली. गोकुळदासनं मुकाट दिवटी उचलली. दादा निवला, असं शिवदासला वाटलं. पण दिवटी पुढे, पालखी मागे. म्हणजे चाल दिवटीवाल्याची. चढणीवर पालखी खाली टेकायची नाही. दमलेल्यानं स्वतःच्या तोंडानं 'खांदो दी' म्हटल्याशिवाय दुसऱ्यानं दांडीला हात लावायचा नाही, ही तिथली रीत.

चढण लागली आणि गोकुळदासनं पाय उचलले.

"दादा, सवकास!"

"देवाक उशीर होता रे."

निम्म्या चढणीवर शिवदासची छाती भात्यासारखी हलू लागली. तो पुटपुटला, "खांदो दी."

"काय म्हणालंस? ढोलात आयकूक येना."

ढोलवाले कमालीचे बेरकी. त्यांनी हात थांबवले. आता चढणीवर नुसता शिवदासचा श्वास ऐकू येत होता.

"खांदो दी रे दादा!"

हे पार वरच्या वाड्यापर्यंत गेलं. गोकुळदासनं दिवटी शेजारच्या मधुकरच्या हातात दिली, सावकाश धोतर खोचलं, आणि मगच दांडीखाली खांदा घातला. देवळापर्यंत त्यानं तो बदलला नाही.

घरी सुमंगलानं पाय धुवायला पाणी दिलं. "झाला मा आता मन थंड?"

"खंय थंड? अर्ध्या चढणीरच खांदो मागल्यान त्येणा. फुडल्या वर्सा देवळाच्या दारात मागूक होयो. सगळी बायलमाणसा थयच उभी रवतत."