उपाशी पोटी रक्त घेत नाहीत

माझ्या धाकट्या जावेचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्हाला नेरूळला येऊन फार दिवस झाले नव्हते. नव्वदीची सुरुवात असेल. गर्भपिशवीतली गाठ काढायची होती. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल, त्याच्या बदल्यात घरच्या कुणीतरी द्या, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलू. आणि ती तर आधीच पांढरीफटक पडलेली!

आमच्या ह्यांना नुकतीच कावीळ होऊन गेलेली, त्यांचं चालणार नव्हतं. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच मी आणि माझे दीर ब्लड बँकेत हजर.

आधी माझा नंबर. सिस्टरने बोटाला टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडला. चांगलं रक्त बुडतं म्हणे. माझा थेंब आपला मजेत वर तरंगतोय!

"ताई, तुमच्याच अंगात रक्त नाही, दुसऱ्याला काय देणार?"

भावजींचा थेंब मात्र सरळ तळाला. मी म्हटलं, सुटलो बाई. तर सिस्टर विचारते, "काय खाऊन आलात?"

"काही नाही. ती ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर येईपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही, असं देवीला बोललोय."

"मग नाही जमणार. चक्कर येऊन पडलात तर?"

रबाळ्याच्या कंपनीत दिवसभर मशीनवर उभा राहणारा हा माणूस, पण रडवेला झाला. "वहिनी, नवस मोडला आणि तिला काही झालं तर?"

आता ह्याला काय सांगणार? देवाधर्माचं मीही मानते. मग आठवलं, सासूबाई आजारी असल्या की त्यांचा गुरुवार मीच धरायची. घरातल्या घरात चालतं तेवढं.

"भावजी, तुमचा उपास द्या इकडे. मी धरते."

पिशवीतून माझा डबा काढून पुढे ठेवला. चपाती नि भेंडीची भाजी. भावजी हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, मग जेवले एकदाचे.

सिस्टरने पाणी पाजलं, थोडा वेळ बसवलं, मग रक्त घेतलं. सुई निघते न निघते तोच स्वारी निघाली बायकोकडे.

"आडवे व्हा! चहा-बिस्किट झाल्याशिवाय हलायचं नाही. आणि आज ह्या हाताने जड काही उचलू नका." मग मला म्हणाली, "तुम्हीपण घ्या चहा."

"मला उपास आहे."

"आता तुम्हाला?" तिने कपाळावर हातच मारला. "रक्त नाही अंगात, आणि उपास कसले करता!"

ऑपरेशन दुपारी नीट पार पडलं. आम्हाला आत सोडलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. जावेने नवऱ्याच्या हातावरची पट्टी पाहिली. आपल्या माणसाला ओळखून होती ती.

"काही खाल्लंत का?"

"पोटभर. वहिनी उपाशी आहेत."

त्या गुंगीतही तिने मान वळवली. "जाऊबाई, तिथे केळी आहेत बघा. इथे माझ्यासमोर बसून खा."

तिचा हात धरूनच मी केळं खाल्लं.