न वेचलेलं रान

खुटबावच्या सरूबाई रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर थांबत आणि ओटीतल्या काळ्या चिंध्या एका पोत्यात झाडत. मगच घरात पाऊल. कलिंगडाचं पीक निघालं की वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद फाटून रानभर पसरतो. तो वेचायचं काम त्यांच्या टोळीतल्या बायांचं. कितीही वेचला तरी थोडा मातीत राहतोच. त्यांची एक गाय तो खाऊन मेली होती.

म्हणून शिरूरच्या एका छोट्या कारखान्यातली सुलक्षणा उसाच्या चोथ्यापासून केलेला कागद घेऊन आली, तेव्हा सरूबाईंनी आपलं अर्धं रान तिला दिलं. हा कागद पीक निघेपर्यंत टिकेल आणि नंतर मातीतच जिरेल, असं तिचं म्हणणं होतं.

शेजारचे हौसरावआप्पा बांधावरून म्हणाले, "चोथ्याचा कागद आन् तुमचा शब्द, दोन्ही एका पावसात विरघळायचं."

"विरघळू द्या की आप्पा. तुमच्या रानातला कागद नातवाच्या लग्नापर्यंत टिकंल."

कलिंगडं चांगली निघाली. ट्रॅक्टरवाल्या सुभानने रान नांगरलं. पावसाळा सरल्यावर सुलक्षणाने माती खणली, तर कागदाचा कणही नाही. ती तिथूनच कारखान्यात फोन लावू लागली.

"घावंल कशी चिंधी?" सरूबाई सहज म्हणाल्या. "ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी आम्ही समदं येचून नेलं."

"मावशी, तो मातीतच ठेवायचा होता."

"तू म्हणाली होतीस खरी. पण घाण तशीच टाकून रानाबाहेर पाय निघंना बायांचा."

सुलक्षणा बांधावर बसून राहिली. कारखान्याच्या मालकाने आणखी एकच हंगाम दिला. तेव्हाही कागद जिरल्याचं दाखवता आलं नाही, तर चोथ्याचं काम बंद.

पुढच्या हंगामात पीक निघाल्यावर बायांनी प्लॅस्टिकच्या कागदाचं अर्धं रान वेचलं आणि सवयीने दुसऱ्या अर्ध्याकडे वळल्या. सरूबाईंनी त्यांच्या हातातली पोती घेतली, एकावर एक रचली आणि वर बसल्या.

"उठा की वैनी," टोळीतली सविता म्हणाली. "डोळ्यांनी बघवंना."

"मग डोळे मीट."

अंधार पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्यांची स्वतःची बोटं मात्र पदराशी चाळा करत होती.

दिवाळीच्या आधी सुलक्षणा वाळूची चाळणी घेऊन आली. गाव बांधावर जमलं. वेचलेल्या अर्ध्यातूनही टोपलीभर काळ्या चिंध्या निघाल्या. चोथ्याच्या कागदाच्या अर्ध्यात चाळणीवर राहिले खडे, मुळ्या आणि एक गांडूळ. सुलक्षणाचा विश्वास बसेना. सरूबाईंनी स्वतः कुदळ घेतली आणि ती दाखवेल तिथे खणत गेल्या. खडे आणि मुळ्या. सुलक्षणा मातीतच उभी राहून रडू लागली, मग हसू लागली, आणि बायांनी तिला मधे घेतलं.

हौसरावआप्पा बांधावरून खाली उतरले. मूठभर माती चोळून त्यांनी पाहिली.

"माझ्या रानाला पुरंल का हा कागद?"

"पुरंल की. पण आधी सांगा आप्पा, काय काय विरघळलं?"

"कागद," आप्पा म्हणाले. "नुसता कागद."

यंदा खुटबावच्या बऱ्याच वाफ्यांवर तोच कागद आहे आणि शिरूरच्या कारखान्यात दुसरी मशीन बसली आहे. माती चाळली त्या संध्याकाळी ओटीत झाडायला काही नव्हतं; सरूबाई हातपाय धुऊन थेट चुलीशी गेल्या. सुलक्षणा निघायला उठली, तशा आतूनच म्हणाल्या, "शिरूरची गाडी कवाची हाय तुझी? थांब, दोन भाकरी बांधून देते."