डाव्या हाताचा आशीर्वाद

वसईच्या मैत्रिणीकडे भिंतीवर एका ख्रिस्ती संताचं, बरोक या भपकेबाज युरोपीय शैलीतलं जुनं छापचित्र आहे. उसळते ढग, फडफडणारा झगा, आणि काळ्या रेघांच्या गर्दीत कागद कोरा सोडून पाडलेला उजेड. एवढा थाट दिसला की मला संशय येतोच. निरखून पाहिलं, तर संत चक्क डाव्या हाताने आशीर्वाद देत होता!

"नक्कल आहे," मी मैत्रिणीच्या आईला म्हटलं. "मूळ चित्र तांब्याच्या पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं, म्हणून छापताना उलटं झालं."

मावशी चित्रापुढे मेणबत्ती लावत होत्या. "चाळीस वर्षं मी त्याचे डोळे बघतेय, बाळा. तू आल्या आल्या हात तपासलास."

मीही डोळे पाहिले. ते वर, उजेडाकडे लागले होते. माझे मात्र हळूच पुन्हा त्या हाताकडे वळले.