दारात कोण होतं?

दिघोरीत देशाच्या परराष्ट्र धोरणावर कोणाचं बारीक लक्ष असेल, तर ते अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या यशोधरामावशीचं. मावशी माझी शेजारीण. पदराला हात पुसत संध्याकाळच्या बातम्यांना माझ्याकडे येऊन बसायची. पाकिस्तानचं नाव निघालं की ताठ व्हायची. "भांडण मिटला का वो?" एवढाच तिचा प्रश्न.

कारण होती झोया. एका पाकिस्तानी मालिकेतली ही सून मावशीनं पोटच्या लेकीसारखी जीव लावून पाहिली. नवरा तीन वर्षं परमुलखात, सासू खाष्ट. आणि एका भागाच्या शेवटी दाराची कडी वाजली. झोया उठली. ती दार उघडणार, तोच दोन देशांचं बिनसलं आणि वाहिनीनं तिकडच्या मालिकाच बंद केल्या.

मावशी दोन दिवस धड जेवली नाही. मग तिनं थेट परराष्ट्रमंत्र्यांना पोस्टकार्ड धाडलं. "साहेब, जय भीम. भांडाचं तं भांडा, पन दारात कोन होता तेवढा दाखवून भांडा." उत्तर आलं नाही. "त्याईलेबी मालूम नसन," मावशी म्हणाली.

शेवटी गोष्ट तिनंच पुढे नेली. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत सुट्टी काढून ती आम्हा बायांसोबत बांधीत, म्हणजे चिखलाच्या वाफ्यात उतरायची आणि रोवता रोवता गोष्ट सांगायची. बातम्यांत दोन्हीकडचे पुढारी हसताना दिसले, की दारात नवरा, तोही उंचापुरा, बांगड्यांचा खोका घेऊन. बोलणी फिसकटली, की त्याच नवऱ्याला टक्कल पडायचं. फारच ताणलं, तर दारात सासूची बहीण, महिनाभराच्या मुक्कामाला! हसून हसून चिखलात बसायचंच काय ते बाकी राहायचं.

एकदा सीमेवर गोळीबार झाला. त्या दिवशी मावशीनं तोंड उघडताच आमच्यातल्या सुमननं हातातली पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची पेंडी आपटली. तिचा मुलगा फौजेत. "माहा पोरगा तिकडे उभा हाये आन् तू त्याईच्या पोरीसाठी रडून रायली? बंद कर ते गोठ!"

मावशीनं मान खाली घातली. त्या साली गोष्ट पुन्हा निघाली नाही. रोवताना कंबर किती दुखते, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या रोवण्याला सुमनचा मुलगा सुट्टीवर आला. सुमन नाचतच बांधीत उतरली आणि दोन ओळी होतात न होतात तोच म्हणाली, "मावशी, सांग ना वो. दारात कोन होता?"

मला वाटलं, आज नवरा किमान सहा फूट. मावशी कंबर सरळ करत म्हणाली, "कोन राहीन? तिचा नवराबी फौजीच होता. सुट्टीवर आला."

सुमननं डोळे पुसायला हात वर केला आणि सगळं तोंड चिखलानं माखून घेतलं. आम्ही खदखदून हसलो, सगळ्यात मोठ्यानं सुमनच.

त्याच आठवड्यात मला मालिकेचा खरा शेवट मोबाइलवर सापडला. मी धावतच गेले, तर मावशीनं फोन पालथा घातला.

"राहू दे वो. सुमनचा पोरगा उद्या जाऊन रायला. तो परत येतवरी दारात फौजीच राहू दे."

मावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो शेवट मीही अजून पाहिलेला नाही.